घरचे आंबवण

मराठीत दारूविषयी लिहायचे म्हणजे एक तर तिचा धिक्कार करायचा, नाही तर तिच्यावर विनोद करायचा, असा जणू दंडकच पडून गेला आहे. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ने या दोन्ही वाटा एकाच नाटकात इतक्या रुंद करून ठेवल्या, की एकीवर सुधाकर आणि दुसरीवर तळीराम हे कायमचे उभे आहेत; तिसऱ्या वाटेने जाणारा कुणी दिसला की दोघेही त्याच्याकडे संशयाने पाहतात. पण मद्य हे शेवटी माणसाच्या हातचे एक काम आहे. त्याला धान्य लागते, मडके लागते, हवामान लागते आणि ज्याच्या राज्यात ते करायचे त्याची मर्जीही लागते. या चार गोष्टींचा हिशेब मांडला, तर एखाद्या गावाचा इतिहास वेगळाच दिसू लागतो. मी स्वतः पिणाऱ्यांतला नाही. तरी सोलापूरच्या माणसाला हा विषय टाळता येत नाही, कारण आमच्या शहराच्या इतिहासातले सर्वांत रक्ताळलेले पान उलगडते ते शिंदीच्या झाडापाशी.

सुरुवात मात्र शिंदीपासून न करता आंबिलीपासून केलेली बरी. हा सारा मुलूख ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी, मोहोळच्या केंद्रावर निवडून काढलेली मालदांडी, यांची नावे ज्वारी न खाणाऱ्यांनाही ठाऊक असतात. या ज्वारीचे पीठ पाण्यात किंवा ताकात कालवून गाडग्यात रात्रभर झाकून ठेवायचे. सकाळी त्याला आंबूस वास येतो, वर बारीक बुडबुडे धरतात. मग ते आधणात सोडून घोटून घोटून शिजवायचे आणि मीठ, जिरे, ठेचलेला लसूण घालून प्यायचे. उन्हाळ्यात रानात जाणाऱ्या माणसाला याच्याइतके थंडावा देणारे पेय दुसरे नाही. आमची आजी आंबिलीचे गाडगे कधी खसखसून घासत नसे, नुसते विसळून पालथे घाली. एरवी भांड्यांच्या स्वच्छतेविषयी ती फार कडक होती, म्हणून आम्हां मुलांना याचे नवल वाटे. आज त्याचे कारण सांगता येते. आंबवणारे जंतू त्या मातीच्या भिंतीतच मुरलेले असत आणि नव्या पिठाला तेच विरजण लागे.

आंबील आंबते, पण चढत नाही. का चढत नाही, हे समजून घेतले की मद्याचे निम्मे शास्त्र हाती येते. धान्यात असते ते पिष्ट. साखर फार थोडी. आंबिलीतले जंतू त्या थोड्या साखरेचे आम्ल करतात, जसे दुधाचे दही करणारे करतात. ज्याला आपण खमीर किंवा यीस्ट म्हणतो त्या सूक्ष्म बुरशीला मद्यार्क करण्यासाठी साखरच लागते, आणि पिष्ट तिला पचत नाही. तेव्हा पिष्टाची साखर कुणीतरी आधी करून द्यावी लागते. जगभर माणसाने याला मुख्यतः दोनच युक्त्या काढल्या. चीन-जपानकडे आणि आपल्या ईशान्येकडच्या डोंगरांत तांदळावर विशिष्ट बुरशी वाढवून तिच्याकडून हे काम करून घेतात. पश्चिमेकडे आणि आफ्रिकेत धान्याला मोड आणतात. दाणा रुजू लागला की कोंबाला खाऊ घालण्यासाठी तो स्वतःच आपल्या पिष्टाची साखर करू लागतो. त्याला त्या क्षणी वाळवून थांबवायचे, की झाला माल्ट. मटकी-हुलग्याला रोज मोड आणणाऱ्या आमच्या बायकांना यात शिकण्यासारखे काही नाही.

ज्या आफ्रिकेतून ज्वारी काही हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे आली, तिथे ती आजही दोन्ही कामांना लागते, भाकरीसारख्या खाण्यालाही आणि पिण्यालाही. दक्षिण आफ्रिकेत ज्वारीची जी दाट, गढूळ बिअर घरोघर करीत आल्या आहेत, तिची कृती वाचून मी थक्क झालो. पहिल्या दिवशी ज्वारीचे पीठ कोमट पाण्यात आंबट होऊ द्यायचे. दुसऱ्या दिवशी ते पातळ शिजवायचे. इथपर्यंत ही आमची आंबीलच आहे! फरक पुढे पडतो. ते शिजवलेले आंबट गार झाले की त्यात मोड आणून वाळवलेल्या ज्वारीचे पीठ घालतात आणि आणखी एक-दोन दिवस ठेवतात. मग ते फसफसत असतानाच, न गाळता किंवा जाडसर गाळून पितात. मद्यार्क त्यात शेकडा तीनच्या आसपास. म्हणजे सोलापूरची आंबील ही अर्ध्या वाटेवर थांबलेली बिअर आहे, असे म्हटले तर शास्त्राला धरून होईल, मग कुणाला आवडो वा न आवडो.

हे सारे मी शोधत बसलो त्याला निमित्त झाले अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या एका भाच्याचे. तिकडे तो घरच्या तळघरात हौसेने बिअर करतो. “मामा, आपल्या ज्वारीची बिअर होईल का?” असे त्याने विचारले, आणि प्रश्न पोरकट म्हणून सोडून देण्याऐवजी मी त्याला चार पानी उत्तर धाडले. त्यातला कामाचा भाग इथे देतो.

पाच लिटरचा घाणा घालायचा तर जवाचा भरडलेला माल्ट किलोभर पुरतो. तो ६५ ते ६७ अंश सेल्सिअस पाण्यात तासभर त्याच उष्णतेवर राखावा. पाणी याहून फार तापले तर साखर करणारे द्रव्य मरते, फार थंड राहिले तर ते कामच करीत नाही. गाळलेले गोड पाणी हॉप्सच्या कडू फुलांबरोबर तासभर उकळावे, जलद गार करावे आणि मगच यीस्ट घालावे. उकळल्यानंतर जे जे भांडे, नळी, झाकण त्याला लागेल ते जंतुरहित हवे. इथे आजीच्या गाडग्याचा न्याय लावू नये, कारण आंबिलीला जे विरजण ते बिअरला विष. वायू निघून जाण्यास वाट ठेवून अठरा-वीस अंशांच्या खोलीत आठ-दहा दिवस ते शांत ठेवावे. बुडबुडे पूर्ण थांबण्यापूर्वी बाटलीत भरून बूच मारले, तर बाटली फुटून डोळा जाण्याचीही भीती असते. उष्णतेचे पथ्य तर सर्वांत कडक. तापमान तिशीच्या वर गेले की यीस्ट बेताल होते आणि डोके धरवणारे जड मद्यार्क करू लागते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. ओले फडके गुंडाळलेल्या रांजणात पाणी गार होते तसे काही अंश उतरवता येतील, पण वीस कधी गाठता येणार नाहीत. बिअर ही थंड मुलखाची लेक, ती आमच्याकडे नांदायला आली नाही यात तिचा दोष नाही.

ज्वारीच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या. तिचे पिष्ट जवाच्या पिष्टापेक्षा अधिक उष्णतेवर फुलते, म्हणून न मोडवलेली ज्वारी आधी भरडून खळखळ शिजवावी, ६५ अंशांपर्यंत निवू द्यावी आणि मग तिच्यात माल्ट घालावा. दुसरी गोष्ट जिवाची आहे. ज्वारीचे कोवळे पोंगे खाऊन जनावर तडफडून मरते, हे आमच्याकडचा प्रत्येक शेतकरी जाणतो. तेच विष मोड आलेल्या ज्वारीच्या कोंबात आणि मुळ्यांत उतरते. म्हणून मोड आणलेली ज्वारी मटकीसारखी कच्ची खायची नाही. ती उन्हात कडकडीत वाळवून, चोळून, पाखडून कोंब-मुळ्या काढून टाकायच्या आणि पुढे उघड्या भांड्यात उकळायची. आफ्रिकेतल्या बायकांनी हे कुठल्या प्रयोगशाळेत शिकून घेतले नव्हते.

भाच्याला ही हौस करता येते ती १९७८ च्या एका कायद्यामुळे. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ साली उठली तेव्हा घरी वाईन करण्यास मुभा मिळाली, पण घरच्या बिअरचा मात्र कायद्याला विसर पडला. तो पंचेचाळीस वर्षांनी दुरुस्त झाला. आता तिथे एका प्रौढ माणसाला वर्षाला शंभर गॅलन आणि दोघे प्रौढ असतील तर घराला दोनशे गॅलन बिअर स्वतःपुरती करता येते. मला मात्र सोलापुरात परवान्याशिवाय तांब्याभरही करता येणार नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने तो गुन्हा आहे, आणि कायद्याच्या नावातली मुंबई जाऊन महाराष्ट्र आला तरी गुन्हा तोच आहे. वाचकांनी वरची कृती ज्ञानापुरती वाचावी. पण घरच्या मडक्यावर राज्याचा हक्क नेमका कधी आणि का बसला, हा प्रश्न त्या पत्रानंतर माझ्या मनातून जाईना.

आपल्या जुन्या ग्रंथांत तो तसा नव्हता, निदान पुरता नव्हता. वेदकाळच्या सौत्रामणी यागात सुरा करीत ती मोड आणलेल्या तांदळाची व जवाची. तिला तीन रात्री मुरू देत. म्हणजे माल्टची युक्ती आपल्याकडे शतपथ ब्राह्मणाइतकी तरी जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे एक प्रकरणच आहे. त्यात मेदक नावाच्या मद्याचे प्रमाण दिले आहे: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. द्रोणाचे सोळा प्रस्थ होतात हे लक्षात घेतले, तर सोळा तांबे पाण्याला दोन तांबे तांदूळ आणि तीन तांबे विरजण, असा हा अगदी घरगुती हिशेब आहे. आणि किण्व तरी कशाचे? उडदाच्या वाटणाचे, त्यात तांदूळ आणि काही वनस्पती घालून केलेले. उडीद आणि तांदूळ! आमच्या तेलुगू व कानडी शेजाऱ्यांच्या घरी रोज रात्री जे पीठ फुगत असते, त्याच्या दूरच्या चुलत्याची ही गोष्ट आहे. ही सुरा आणि किण्व तयार करण्याच्या कामाला स्त्रिया आणि मुले लावावीत, असेही कौटिल्य सांगतो.

कौटिल्य काही उदार माणूस नव्हता. दारूवर राज्याची पकड असावी, दुकाने राज्याची असावीत, बाहेर करणाऱ्यांकडून शेकडा पाच शुल्क घ्यावे, हे तो बजावून सांगतो. पण त्याच प्रकरणाच्या शेवटी तो दोन खिडक्या उघड्या ठेवतो. कुटुंबवत्सल माणसाला घरच्या कार्यात पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मोकळीक आहे. आणि उत्सव, मेळा, यात्रा असेल तेव्हा चार दिवस मद्य करण्याची परवानगी द्यावी. जे परवानगी न घेता करतील त्यांच्याकडून रोजचा दंड घ्यावा. राज्याचा पैसा कुठून येतो आणि माणसाच्या घरात राज्याने किती शिरावे, या दोन प्रश्नांची गल्लत त्याने केलेली दिसत नाही.

अरिष्टाची खिडकी, गंमत पाहा, अजून उघडी आहे. द्राक्षासव, अशोकारिष्ट ही आपल्या घरोघरी असलेली औषधे आंबवूनच होतात. त्यांतला मद्यार्क बाहेरून ओतलेला नसतो, तो आतच उपजतो. काढा, गूळ किंवा मध आणि धायटीची वाळलेली फुले मडक्यात घालून, तोंड लिंपून, जुने वैद्य ते मडके महिनाभर धान्याच्या राशीत पुरून ठेवीत. फुलांवर यीस्ट असते आणि राशीत ऊब एकसारखी राहते. झाले की नाही हे पाहण्याची परीक्षा मोठी सुरेख आहे. मडक्याला कान लावावा. आत सूं-सूं आवाज असेल तर काम चालू आहे. तोंडाशी जळती वात धरावी. विझली तर आतून वायू येतो आहे, तेवत राहिली तर संधान पुरे झाले. कोणत्याही बिअरवाल्याला याहून चांगली सूचना मी करू शकणार नाही.

पेशवाईत हा प्रश्न जातीवर आणि जागेवर सोपवलेला दिसतो. पेशव्यांच्या रोजनिशीवर १९०० साली लिहिलेल्या विवेचनात न्यायमूर्ती रानड्यांनी याची नोंद घेतली आहे. बंदी सर्वत्र होती. पण पोर्तुगीजांकडून जिंकून घेतलेल्या किनारपट्टीवर भंडारी-कोळ्यांना सवलत होती, तर ब्राह्मण, प्रभू आणि सरकारी कारकुनांना ती नव्हती. तोफखान्यातल्या ख्रिस्ती लोकांना स्वतःपुरती भट्टी लावण्याची परवानगी होती, विकण्याची नव्हती. या न्यायात समता शोधू नये. पण ‘स्वतःपुरती’ हा शब्द अजून राज्यकर्त्यांच्या तोंडी होता, एवढे खरे.

आता झाडाकडे वळतो. सोलापूरकराने आंबिलीच्या पुढे पाऊल टाकले नाही, कारण त्याला ते टाकण्याची गरजच नव्हती. त्याच्या दारात झाडावरून तयार मद्य गळत होते. कोकणात माडाची ती माडी, ताडाची ती ताडी आणि आमच्याकडे रानखजुरीची ती शिंदी. तेलुगू विणकरांच्या पेठांत तिलाच कल्लु म्हणत, कानडीत हेंड. झाडाच्या शेंड्याजवळ खाच घेऊन खाली मडके बांधायचे. पहाटे त्यात जमते ती नीरा, गोड आणि निरुपद्रवी. शेकडा दहा-बारा साखर त्यात तयारच असते. ना मोड, ना शिजवणे, ना विरजण. ऊन वर येईपर्यंत हवेतले आणि मडक्यातले यीस्ट कामाला लागते, दुपारी ती फेसाळते आणि दुसऱ्या दिवशी तिचा शिरका होतो. साखरेच्या निम्म्या वजनाचा मद्यार्क होतो हे गणित धरले, तर शिंदीला शेकडा पाच-सहाच्या पुढे जाताच येत नाही. मडक्याला आतून चुना फासला तर ती आंबतही नाही.

पण नेमकी हीच तिची अडचण ठरली. जी वस्तू एका दिवसात नासते, तिची कोठारे भरता येत नाहीत, तिला मोहोर लावता येत नाही, ती मोजून गावोगाव धाडता येत नाही. इंग्रजी अबकारीला हवी होती ती मोजता येणारी, टिकणारी, कडक दारू. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या मोडून मोठ्या मध्यवर्ती भट्टीची पद्धत आणली, पाझरणाऱ्या झाडांवर कर चढवला आणि विकण्याचे मक्ते दिले. ठाण्या-कुलाब्याकडे १८९२ साली मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. लक्षात घेण्यासारखे हे की दोनच वर्षांनी, १८८० साली, खुद्द इंग्लंडात ग्लॅडस्टनने बिअरवरचा कर नव्याने बांधला आणि घरी बिअर करणाऱ्यांनाही परवाना घ्यायला लावला. तो परवाना १९६३ साली उठला. म्हणजे हा काही केवळ गोऱ्यांनी काळ्यांवर केलेला जुलूम नव्हता. आधुनिक सरकार नावाच्या नव्या प्राण्याची ती भूक होती. फरक एवढाच, की तिथे परवाना पाच शिलिंगांत घरच्या माणसाला मिळे आणि इथे तो लिलावात मक्तेदाराला. मुंबई इलाख्यात अबकारीचे उत्पन्न जमीनमहसुलाच्या खालोखाल जाऊन बसले.

याला विरोध करणारे आपले लोक दारूचे वैरी होते की सरकारी तिजोरीचे? दोन्ही, आणि ही दोन कारणे वेगळी काढणे कठीण आहे. जोतीराव फुल्यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेला पत्र लिहून शहरात वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध हरकत घेतली. टिळकांच्या पुढाकाराने १९०८ साली पुण्यात दारूच्या गुत्त्यांवर निरोधन झाले. गांधींना तर मद्यपान हे पापही होते आणि परक्या सरकारचे उत्पन्नही. मिठाच्या सत्याग्रहाच्या दिवसांत त्यांनी सुरतेकडे खजुरीची झाडे तोडण्याचे आवाहन केले. ते सोलापुरात लोकांनी उचलले. समुद्र नसलेल्या गावाने मीठ तरी कुठून उचलायचे? कायदा मोडण्याजोगे जे हाताशी होते ते झाड होते.

५ मे १९३० रोजी मध्यरात्रीनंतर कराडीला गांधींना अटक झाली. सोलापुरात हरताळ पडला, गिरण्या बंद झाल्या. ८ मे रोजी जमाव रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडे तोडण्यास गेला. पोलिसांनी काहींना पकडले. त्यांना सोडवण्यासाठी गर्दी दाटली. दगड आले, मग गोळ्या आल्या. शंकर शिवदारे हा तरुण त्या दिवशी पडला. खवळलेल्या जमावाने मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जाळली, पोलीस मारले गेले, न्यायालयाची इमारत पेटली. पुढचे तीन-चार दिवस शहरावर इंग्रजांचा अंमल उरला नव्हता. काँग्रेसचे स्वयंसेवक बंदोबस्त पाहत होते. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला तो ३० जूनपर्यंत चालला. गांधी टोपी घालणे हाही त्या दिवसांत अपराध होता. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले गेले. सोलापूरकराला ही तारीख सांगावी लागत नाही.

त्या बलिदानाविषयी माझ्या मनात पूर्ण आदर आहे, आणि तो ठेवूनच मी म्हणतो की त्या दिवशी कुऱ्हाड चुकीच्या खोडावर पडली. तिजोरीचा खरा कणा सरकारी भट्टी होती. शिंदी तिची गरीब, नासकी, सौम्य सवत होती. पण भट्टीभोवती पहारा असतो आणि झाड उघड्यावर असते. त्याच झाडाचे दुसरे रूप गांधींनाही ठाऊक होते. चारच वर्षांनी, १९३४ साली, त्यांच्या प्रेरणेने ग्रामोद्योग संघ निघाला आणि त्याने नीरा व ताडगूळ हा उद्योग म्हणून हाती घेतला. चुन्याचा एक हात मडक्याला फासला असता तर तीच शिंदी साखरेचे झाड ठरली असती.

पुढचा इतिहास भरभर सांगण्यासारखा आहे. १९४९ चा कायदा आला, १९५० च्या एप्रिलपासून मुंबई राज्यात संपूर्ण बंदी झाली. त्या कायद्याला शेकडा पाच आणि शेकडा चाळीस यांत मोठा फरक दिसला नाही. दोहोंना शिक्षा होणार असेल, तर माणूस कोणते करील? जे कमी जागेत लपते आणि लवकर चढते ते. काळा गूळ आणि नवसागर घालून दोन-चार दिवस कुजवलेले रसायन ड्रमात उकळून जी हातभट्टी निघू लागली, तिने शिंदीची आणि घरच्या मडक्याची जागा घेतली. साठीच्या दशकात बंदी सैल झाली, दुकाने उघडली, पण घरचे मडके काही परत आले नाही. आणि जिथे कारखान्यातला विषारी मद्यार्क या धंद्यात शिरला तिथे माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक गेली. आंबवलेल्या धान्याने किंवा शिंदीने असे एका रात्रीत गाव उठवल्याचे इतिहासात क्वचितच दिसते. याचा अर्थ शिंदीच्या दुकानातून घरी आलेला नवरा बायकोला मारत नव्हता, असा कुणी काढू नये. ज्या घरात पगार पेल्यात जातो, तिथे शेकड्याचे गणित सांगणाऱ्याला बाईने उंबऱ्याबाहेर काढावे, हेच योग्य. उभी बाटली आडवी करण्यासाठी गावोगावच्या बायकांनी मतदान केले ते काही उगीच नव्हे.

२००७ साली मात्र एक अजब गोष्ट घडली. ज्वारी-बाजरीसारख्या धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन देण्याचे धोरण राज्य सरकारने आखले. अन्नाची दारू करता, म्हणून त्यावर गदारोळ उठला, तो रास्तच होता. मला त्यात वेगळेच दिसले. ज्या ज्वारीचा तांब्याभर आंबवणे घरात गुन्हा, तीच टनावारी आंबवली तर अनुदान! इथे कौटिल्यही गोंधळला असता.

सोलापूरजवळच्या मुळेगाव तांड्यावर अनेक वर्षे हातभट्टीचा धंदा चाले. धाडी पडत, ड्रम फुटत, रसायन ओतून दिले जाई, आठवड्याने पुन्हा धूर निघे. २०२१ साली सोलापूर ग्रामीणच्या तेव्हाच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी धाडींबरोबर दुसरी वाट धरली. ‘ऑपरेशन परिवर्तन’ या नावाने त्यांनी या कुटुंबांशी बोलून त्यांना दुसरी कामे मिळवून देण्याचा उद्योग चालवला, त्याची देशभर वाखाणणी झाली. १८७८ पासूनच्या अबकारीच्या कहाणीत, भट्टी लावणारा माणूस पोटासाठी ती लावतो हे गृहीत धरून सरकारचा माणूस त्याच्या दारात गेल्याचे हे मला ठाऊक असलेले पहिले उदाहरण.

घरच्या मडक्याला आमच्याकडे वर्षातून एक दिवस मात्र अजून पूर्ण मान आहे. मार्गशीर्ष अमावास्येला अक्कलकोटपासून लातूरपर्यंतचा सारा सीमाभाग रानात जातो. वेळ अमावास्या हे तिचे पोथीतले नाव. आम्ही येळवस म्हणतो. ज्वारीच्या ताटांची खोप करून तिच्यात पूजा मांडतात, भज्जी-भाकरी होते, आणि आंबिलीचे मडके डोक्यावरून रानात नेतात. ही आंबील रोजच्यासारखी एका रात्रीची नसते. दोन-तीन दिवस आधीपासून ताक साठवून आंबट करतात, ज्वारीचे पीठ त्यात मुरवतात, थंडी फार असेल तर मडके चुलीच्या उबेला सरकवून ठेवतात. आदल्या संध्याकाळी ती शिजवून गार केली जाते, लसूण-आले ठेचून घालतात, आणि सकाळी तोंडाला फडके बांधून मडके निघते. आधी ती पिकावर शिंपडायची, मग रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पेला द्यायचा. जात नाही, परवाना नाही. नव्या माणसाने पहिला पेला जरा जपून घ्यावा. तिसऱ्या दिवसाच्या ताकाचा आंबटपणा दातांना झिणझिण्या आणतो.